आधीच जुळवलेली ओळ

ओबरमाट, सार्नेनच्या वर
१८ ऑक्टोबर १९६४

प्रिय रेमिगी,

बाबा गेले त्या सकाळी मी काय काय केलं ते मला अजून क्रमाने सांगता येतं. गोठ्यातून आईची हाक आली तेव्हा मी कॉफीच्या वाडग्यात पाव बुडवत होतो. बाबा तपकिरी गाईच्या पायांशी आडवे पडले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. आम्ही दोघांनी त्यांना गवतावर नीट निजवलं. आई म्हणाली, "डॉक्टर राहू दे, फादरना आण." मी बुटांच्या नाड्याही न बांधता निघालो. बर्फ गुडघ्यापर्यंत होता, सायकलचा उपयोग नव्हता. चर्चपर्यंत पायी उतरलो. फादर इमफेल्ड यांनी शेवटच्या संस्काराच्या तेलाची डबी खिशात घातली आणि आम्ही दोघं वर चढलो. पोचलो तेव्हा बाबांना जाऊन पाच मिनिटं झाली होती. फादरनी तरीही तेल लावलं, प्रार्थना म्हटली. आई आजही म्हणते, त्या बर्फाने माझी पाच मिनिटं खाल्ली.

हे सगळं तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तू झुरिकहून आलास तेव्हा स्टेशनवर मी हेच सांगितलं होतं. मग पावणेसहा वर्षांनी पुन्हा का लिहितो आहे, असं तू म्हणशील. ती सकाळ हल्ली सारखी डोळ्यांपुढे येते. कारण आता आईची पाळी आली आहे.

सार्नेनचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. हृदय थकलं आहे म्हणतात. पायांवर पाणी चढलं आहे, बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहतो. नाताळ दिसेल असं त्यांना वाटत नाही. ती दिवसभर स्वयंपाकघरात चुलीजवळच्या खुर्चीत बसून असते आणि माळ ओढते. मी छापखान्यात अर्धा दिवस जातो. उरलेला वेळ शेजारची फ्रेनीकाकू तिच्यापाशी बसते.

दोन वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. त्याचं कारण गावाला अर्धं ठाऊक आहे. पुरतं ठाऊक आहे ते तुला आणि मला. ते आता बाजूला ठेवू.

आई तुझी आठवण काढते. ये.

तुझा
बाल्त्स


ओबरमाट
२६ ऑक्टोबर १९६४

प्रिय रेमिगी,

तुझं पत्र आलं. नेहमीसारखंच, मजकुरापेक्षा समास मोठा. चार ओळी, आणि चारही सरळ. "आठवण काढते म्हणजे ती नेमकं काय म्हणाली? तिचे शब्द जसेच्या तसे लिही. तिने बोलावलं तर त्याच दिवशी निघेन. बोलावलं नसेल तर दाराशी उभा राहायला येणार नाही."

तू असं विचारशील हे मला कळायला हवं होतं. तर घे तिचे शब्द, जसेच्या तसे. मी विचारलं, "आई, रेमिगीला कळवू का?"

"कुठल्या रेमिगीला?"

"आई, असं काय करतेस."

"मला एकच मुलगा आहे. तो इथे बसून माझ्यासाठी बटाटे सोलतोय, निम्मा बटाटा सालीबरोबर टाकून."

तिने तुझी आठवण काढली नव्हती. मी खोटं लिहिलं. तू लगेच निघशील आणि तुला दारात बघून ती विरघळेल, असा माझा हिशेब होता. तो चुकला हे बरंच झालं. तिने तुला दारातून परत पाठवलं असतं, आणि मग काहीच उरलं नसतं.

तुमच्या "लिनिये" मासिकाचा तो अंक घरी आला त्या दिवशी काय झालं, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. शाळेचे मास्तर घेऊन आले होते. ते किती कौतुकाने आले होते हे तुला कळावं म्हणून सांगतो. अंक वर्तमानपत्रात गुंडाळला होता, हात धुऊन मगच उघडला. "तुमच्या रेमिगीचं मासिक, बाई. जपानातले लोकसुद्धा मागवतात म्हणे." आणि त्यांनी ते जोडपान आईपुढे पसरलं. डाव्या पानावर बाबांच्या मृत्यूचं कार्ड, आपण चर्चमध्ये आठवण म्हणून वाटतो ते, चौपट मोठं केलेलं. उजव्या पानावर तेच कार्ड, तू नव्याने मांडलेलं.

आईने आधी बाबांचा फोटो ओळखला आणि ती हसली. खरंच हसली, रेमिगी. मग मास्तरांनी खालची टीप वाचून दाखवली. "डावीकडे, खेड्यातल्या छापखान्याचं काम. इथे मजकूर माणूस मरण्याआधीच जुळून तयार असतो. नंतर फक्त नाव बदलतं." आणि एक बारीक रेघ त्या ओळीकडे गेली होती. "शेवटचे पवित्र संस्कार स्वीकारून प्रभूच्या ठायी विसावले."

आईने टीप पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "म्हणजे ह्यांना संस्कार मिळालेच नाहीत, असं म्हणतोय का तो?"

मास्तर गडबडले. "तसं नाही हो. हे फक्त अक्षरांच्या मांडणीबद्दल आहे."

"मांडणीबद्दल. मग ह्या पानावरची ती ओळ कुठे गेली?"

उजव्या पानावर खरंच ती नव्हती. नाव, दोन सालं, आणि खाली सगळं कोरं. मास्तरांनी कॉफी अर्धी टाकली आणि ते गेले. आईने भिंतीवरचा तुझा फोटो उतरवला आणि भांडी पुसायच्या फडक्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर लावताना तिने मला विचारलं, "दफनाला आला होता तेव्हा कार्ड छापलंही नव्हतं. तिसाव्या दिवशी चर्चमध्ये मिसाला ती वाटली, तेव्हा तर तो आलाच नाही. मग त्याच्या हाती ते लागलं कुठून?"

मी चुलीपाशी उभा होतो. म्हणालो, "काय माहीत. दिलं असेल कोणीतरी."

दोन वर्षांपूर्वीच्या तुझ्या शेवटच्या पत्रात तू विचारलं होतंस, "कार्ड तू स्वतः पाठवलंस हे आईला सांगितलंस ना?" त्याला मी उत्तर दिलं नाही. तू समजलास, आणि नंतर लिहिलंच नाहीस. मला वाटलं होतं तू तिला परस्पर कळवशील. तू तसं केलं नाहीस. दोन वर्षं माझं ओझं तुझ्या पाठीवर आहे, आणि मी तुला "ये" म्हणून हुकूम सोडतो आहे.

ती बोलावेल असं मी करेन. कसं, ते अजून मला नीट लिहिता येत नाही.

बाल्त्स


सार्नेन, छापखान्यातून
२ नोव्हेंबर १९६४, मृतांचा दिवस

प्रिय रेमिगी,

सकाळी बाबांच्या कबरीवर दिवा लावला. आई आली नाही. तिला खुर्चीतून पलंगापर्यंत नेणं हेच आता मोठं काम आहे. एकट्याने प्रार्थना म्हटली. ती म्हणताना लक्ष सारखं शेजारच्या कबरींवरच्या नावांकडे जात होतं, कुठल्या दोन अक्षरांत फट जास्त पडली आहे ते बघत होतं. देवाने क्षमा करावी, ही सवय तुमच्या मासिकाने लावली.

गावच्या शाळेत मी सात वर्षं शिकलो, पुढे छापखान्यातच वाढलो. वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी तुमच्या "लिनिये"ने मला पुन्हा शाळेत बसवलं. प्रत्येक लेख तीन भाषांत, तीन स्तंभांत; त्यातला आपल्या भाषेतला स्तंभ वाचायचा, बाकीचे दोन नुसते बघायचे. आधी कोरी जागा ठरवायची आणि मग अक्षरं, हे मला तिथे कळलं. रविवारी ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर चर्चमध्ये जी शांतता पडते, ती मी चाळीस वर्षं अनुभवत होतो. कागदावरही ती आणता येते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

इकडे आता सगळ्यांना झुरिकसारखंच हवं असतं. दूध सोसायटीच्या चीजचं लेबल मी नवं केलं. डोंगर काढला, तीन गाई काढल्या. लाल पट्टी आणि नाव, एवढंच ठेवलं. सोसायटीचे सेक्रेटरी लेबल उलटून पालटून बघत राहिले.

"आमची गाय कुठे गेली?"

"गाय चीजमध्ये आहे," मी म्हटलं.

ते हसले नाहीत, पण लेबल घेऊन गेले. सहा महिन्यांत खोऱ्यातल्या आणखी दोन सोसायट्या तसंच मागायला आल्या. मालक एटलिन गिऱ्हाइकांपुढे मला "आमचा झुरिकवाला" म्हणतात. त्यात टोमणा किती आणि अभिमान किती, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

एकच गोष्ट मी बदललेली नाही. मृत्यूच्या कार्डाचा मजकूर. तो तू इथे काम शिकत होतास तेव्हा होता तसाच कपाटात आहे, शिशाच्या अक्षरांत जुळवलेला, दोऱ्याने बांधलेला. चौकट, क्रूस, प्रार्थना आणि ती ओळ. कोणी गेलं की दोरा सैल करायचा, नावाच्या आणि तारखांच्या अक्षरांचे खिळे बदलायचे, पुन्हा बांधायचा, आणि दुपारपर्यंत कार्डं तयार. गेल्या आठवड्यात मालक म्हणाले, "बाल्त्स, हे जुनं धूड सुटं करून टाक. सगळं नवं करतोस, मेलेल्यांनीच काय घोडं मारलंय?"

मी म्हटलं, "लोकांना तेच हवं असतं."

"लोकांना गायसुद्धा हवी होती."

त्या मजकुराला हात लावणं मला जमत नाही, आणि कारण त्यांना सांगण्यासारखं नाही.

आता जे लिहिण्यासाठी बसलो ते. काल आईने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "माझं कार्ड तुझ्या बाबांच्यासारखंच कर. तीच चौकट, तीच ओळ. ते झुरिकचं काही मला नको."

"बरं."

"आणि ओळ खरी असू दे. माझी वेळ आली असं वाटलं की लगेच नीघ. बर्फ पडायची वाट बघू नकोस. ह्या वेळी वेळेवर ये, बाल्त्स."

मी चुलीत एक लाकूड घातलं. चुलीत लाकूड भरपूर होतं.

बाल्त्स


ओबरमाट
८ नोव्हेंबर १९६४

प्रिय रेमिगी,

पहिल्या पत्रात मी ती सकाळ क्रमाने सांगितली. त्यातली वीस मिनिटं गाळली. गाळायची इतकी सवय झाली आहे की लिहिताना हातही अडखळला नाही.

चर्चच्या समोर पोस्ट आहे, तुला माहीत आहे. रोझा दारातला बर्फ झाडत होती. तिने मला बघितलं आणि हाक मारली, "बाल्त्स, तुझं झुरिकचं आलंय. दोन दिवस पडून आहे." तुमचे अंक मी घरी येऊ देत नसे, पोस्टातच ठेवायला सांगत असे. पहिला अंक घरी आला तेव्हा बाबा तो हातात घेऊन विचारायचे, "ह्यात वाचायचं कुठे असतं?", आणि मला उत्तर देता येत नसे.

माझ्या मनात होतं, घ्यायचं, काखोटीला मारायचं, समोर जायचं. आठ पावलं होती. अंक तिसरा. मी आत जाऊन पाकीट फाडलं. का फाडलं ते मला आजही सांगता येत नाही. मधल्या पानावर रेल्वेचं वेळापत्रक होतं, जुनं आणि नवं शेजारी शेजारी, आणि लेखाच्या डोक्यावर नाव होतं, रेमिगियुस डुरर. आपल्या घरातलं नाव मी तोपर्यंत छापलेलं पाहिलं होतं ते फक्त मृत्यूच्या कार्डांवर. मी लेख वाचला. पुन्हा वाचला. ज्या दोन भाषा मला येत नाहीत त्यांतही तुझं नाव कुठे कुठे आलं आहे ते शोधलं. गाड्यांच्या वेळा तू रेघा न मारता, नुसत्या मोकळ्या जागेने वेगळ्या केल्या होत्यास. किती साधं आणि किती बरोबर, असं मनात आलं. छाती भरून आली होती, रेमिगी. गोठ्यात बाबा पडले होते, आणि माझी छाती भरून आली होती.

रोझा आत आली आणि म्हणाली, "बाल्त्स, तुझ्या नाड्या सुटल्यात. घरी सगळं बरं ना?" मी घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटं झाली होती. मग धावलो.

आता दुसरी गोष्ट. फादरनी बाबांच्या कपाळाला तेल लावलं तेव्हा प्रार्थनेच्या सुरुवातीला दोन शब्द जास्त होते. "सी व्हिव्हिस." आईला लॅटिन येत नाही. मी आठ वर्षं वेदीवर सेवा केली आहे, मला तेवढं कळतं. जर तू जिवंत असशील तर. माणूस गेला की नाही याची खात्री नसते तेव्हा फादर असं म्हणतात. म्हणजे तो संस्कार "जर"चा होता. माझ्या वीस मिनिटांमुळे बाबांच्या वाट्याला "जर" आला.

चार आठवड्यांनी मी त्यांचं कार्ड जुळवायला बसलो. आधी वारलेल्या बाईचं नाव काढलं, बाबांचं घातलं. ती ओळ समोर तयार होती. मला ती जुळवावी लागली नाही, नुसती राहू द्यायची होती. अक्षरं उपसायचा चिमटा त्या ओळीवर टेकला होता. मी तो उचलला आणि दोरा बांधला. ती ओळ आईने इतक्यांदा वाचली आहे की तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकातलं कार्ड त्या जागी घासून पांढरं पडलं आहे.

पुढे दोन वर्षांनी मी तुला ते कार्ड पाठवलं आणि विचारलं, "तू हे कसं मांडशील?" तुला वाटलं मी शिकायला मागतो आहे. तसंही होतं. पण मला कोणाकडून तरी ती ओळ काढून हवी होती. तू काढलीस, काहीही माहीत नसताना. ओळींची लांबी जुळत नाही म्हणून काढली असशील. मी तुझं पान बघितलं, ती खालची कोरी जागा बघितली, आणि मला वाटलं, इथे "जर" मावेल. हे पान खोटं बोलत नाही. त्याच पानासाठी आईने तुला घरातून काढलं, आणि मी चुलीपाशी उभा होतो.

फादर इमफेल्ड यांच्याकडे मी तेव्हाच पापकबुली दिली होती. ते म्हणाले, "देवाने क्षमा केली, बाल्त्स. आईला सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव." मी ठरवलं नाही. ठरवलं नाही म्हणजे न सांगणंच ठरवलं. जुळवलेला मजकूर सुटा न करता पुन्हा पुन्हा छापत राहावा, तसं.

मला भीती कशाची वाटते तेही लिहितो. तिच्याजवळ ती ओळ सोडून फार काही नाही. ती मी काढून घेतली आणि त्या धक्क्याने तिचं हृदय थांबलं तर? आणि नाही काढून घेतली, तर ती तुला न भेटता जाईल, तू तिच्या नवऱ्याची थट्टा केलीस असं समजून. दोन्हीकडून मीच उरतो.

परवा, मंगळवारी सांगेन. उद्या डॉक्टर येणार आहेत, ते तिला बघून जाऊ देत. हे पत्र आजच पोस्टात टाकतो आहे. तुझ्या हाती ते पडलं की मला मागे फिरता येणार नाही, म्हणून.

बाल्त्स


सार्नेन, छापखान्यातून
११ नोव्हेंबर १९६४, संत मार्टिनचा दिवस

प्रिय रेमिगी,

काल सांगितलं.

सकाळी, दूध काढून झाल्यावर. ती पलंगावर उशांना टेकून बसली होती. मी खुर्ची ओढली आणि पोस्टापासून सुरुवात केली. ती माळ ओढत होती. रोझाचं नाव आलं तेव्हा तिची बोटं थांबली.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"वीस मिनिटं."

"आणि मी बर्फाला बोलत होते."

"हो."

"तूही बोलत होतास. माझ्याबरोबर. दर फेब्रुवारीत."

"हो, आई."

मग "सी व्हिव्हिस"चा अर्थ सांगितला. तिने दोनदा विचारला, मी दोनदा सांगितला. तिचा श्वास जोरात चालला होता. मी डॉक्टरांच्या थेंबांची बाटली घ्यायला उठलो, तर म्हणाली, "बस. अजून संपलेलं नाही तुझं. तोंडावरून दिसतंय."

म्हणून कार्डाचंही सांगितलं. की ते मी पाठवलं होतं, आणि तुला ते माझ्याशिवाय मिळालंच नसतं.

तिने माळ गुंडाळून उशीखाली ठेवली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "फ्रेनीला बोलाव."

फ्रेनीकाकू पीठ लागलेल्या हातांनीच आली. आई तिला म्हणाली, "फडक्यांच्या ड्रॉवरमध्ये खाली एक फोटो आहे. तो धुऊन आण." "काच पुसून आणते, फोटो कसा धुऊ?" काकू म्हणाली. "पूस मग. आणि त्या खिळ्याला लाव." काकूने तो लावला. आई म्हणाली, "डावीकडे कललाय." काकूने सरळ केला. मग आई माझ्याकडे न बघता बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, तू मागितले होतेस तसे.

"रेमिगीला लिही, आईने बोलावलंय. आणि तू ती वीस मिनिटं जे वाचत होतास ते त्याने येऊन मला वाचून दाखवावं, म्हणावं. काय होतं ते मला बघायचंय."

मी "बरं" म्हटलं. ती पुढे म्हणाली, "तो येईपर्यंत फ्रेनी बसेल माझ्यापाशी. तू लाकडं दारापर्यंत आणून ठेव. आणि माझ्या वेळी फादरना आणायला फ्रेनीचा नवरा जाईल."

काकूने माझ्याकडे बघितलं. तिला काहीच कळलं नव्हतं. मी बाहेर आलो. तेव्हापासून मी आत गेलेलो नाही. लाकडं दारात ठेवतो, आतून काकू उचलते. आज सकाळी भिंतीपलीकडून आईचा आवाज ऐकू येत होता, स्पष्ट होता. तिचं हृदय थांबलं नाही. देवाचे आभार मानले आणि बस पकडून इथे आलो.

पत्र मिळताच नीघ. सार्नेनहून वरची पोस्टाची बस साडेतीनला आहे, चुकली तर पाचला. मला शोधू नकोस, थेट तिच्याकडे जा. अंक तिसरा आणायची गरज नाही. माझी प्रत मी काकूकडे दिली आहे. तिच्या मुखपृष्ठावर बर्फाच्या पाण्याचा डाग आहे. तो आईला दिसू दे. वेळापत्रकाचा लेख सावकाश वाच. तिला भिंगाशिवाय अक्षर दिसत नाही, पण पान तिच्या हातात दे. ती कोरी जागा बोटाने बघेल.

तिच्या कार्डाचं अजून काही ठरलेलं नाही. ते ती तुला सांगेल. जे खरं असेल ते आपण तेव्हा जुळवू, पहिल्या अक्षरापासून.

आत्ता मालक जेवायला गेले आहेत. मी कपाटातून तो मजकूर काढला, जुळणीच्या दगडी टेबलावर ठेवला आणि दोरा सोडला. चौकट वेगळी केली, क्रूस वेगळा ठेवला. मग ती ओळ डाव्या हातात घेतली आणि एकेक अक्षर आपापल्या खणात परत टाकलं. शेवटचा पूर्णविराम होता. खणांची पेटी आत सरकवली. कपाटात आता काही तयार ठेवलेलं नाही.

बाल्त्स